चोकडीची मांडणी : काय खाली, काय वर



गेल्या महिन्यात इयत्ता आठवीचा एक तास रिकामा होता म्हणून मी वर्गावर गेले. आम्ल आणि आम्लारी हा विषय नुकताच शिकवून झाला होता. सहज विचारले, "तुमच्या घरी फिनेल कुठे ठेवतात?" सगळ्यांचे उत्तर एकच आले, "चोकडीत, नळाच्या खाली." मग विचारले, "कशात ठेवतात?" मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "थंड्याच्या बाटलीत, बाई. सगळ्यांकडे तसेच असते." वर्गात कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. मला मात्र त्या रात्री नीट झोप लागली नाही. कारण पुढे सांगते.

आधी शब्दाविषयी थोडे. खानदेशातून आलेली आपली मंडळी तिला मोरी म्हणत. सुरतेत दोन-तीन पिढ्या काढल्यावर आपणही गुजराती शेजाऱ्यांसारखे चोकडी म्हणू लागलो, आणि नव्या फ्लॅटच्या नकाशात तीच जागा वॉश एरिया झाली. नाव कोणतेही असो, जागा तीच : स्वयंपाकघराला लागून तीन-चार फुटांचा चौकोन, एक नळ, एक जाळी आणि भोवती घरातले सगळे बेवारस सामान. कपडे तिथेच धुवायचे, भांडी तिथेच घासायची आणि ज्या वस्तूला घरात जागा नाही तीही तिथेच ठेवायची. माझे शिक्षण बुऱ्हाणपूरला हिंदी माध्यमात झाले. लग्न होऊन इथे आले तेव्हा शेजारच्या बेन म्हणाल्या, "चोकडीमां धोको मूक्यो छे." मी घाबरून दारातच थांबले. हिंदीत धोखा म्हणजे फसवणूक, मराठीत धोका म्हणजे संकट. गुजरातीत धोको म्हणजे कपडे धोपटायचे लाकडी धोपाटणे! आज वाटते, माझ्या तिन्ही भाषा आपापल्या जागी बरोबरच होत्या.

बुऱ्हाणपूरला आमची आजी तापीच्या घाटावर धुणे न्यायची. तिकडे नदीला ताप्ती म्हणतात. तीच नदी पुढे भुसावळकडून उकाईला येते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते, म्हणून मला माहेर कधी फार दूर वाटले नाही. आजीच्या मोरीत धुण्याच्या वस्तू मोजून चार असत : धुण्याचा सोडा, रिठे, साबणाची वडी आणि निळीची पुडी. चारही कोरड्या आणि एका फळीवर मावणाऱ्या. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी निरमा पावडर बनवून सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली. नंतर ती पावडर आपल्यासारख्या घरांना परवडू लागली आणि आजीचे रिठे मागे पडले. त्यामागून बाकीची रांग आली. आज माझ्या स्वतःच्या चोकडीत मी मोजले तर चौदा डबे-बाटल्या निघाल्या. वस्तू चारच्या चौदा झाल्या, पण मांडायची रीत चार वस्तूंच्या काळातलीच राहिली.

आता त्या बाटलीबद्दल. माझा धाकटा मुलगा तीन वर्षांचा होता. एप्रिल महिना, दुपारची वेळ. मी आतल्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होते. शिळ्या थंड्याच्या बाटलीत मीच, स्वतःच्या हाताने, फेरीवाल्याकडचे सुटे फिनेल भरून नळाखाली ठेवले होते. पाणी घातले की ते दुधासारखे पांढरे दिसते. मुलाला बाटली ओळखीची होती, पांढरा रंगही ओळखीचा होता. त्याने एक घोट घेतला. त्याच्या रडण्यापेक्षा मला आधी वास आला. शेजारच्या काकू म्हणाल्या, मिठाचे पाणी पाजा, ओकारी काढा. मी पेला हातात घेतलाही होता. यजमान कारखान्यातून तेवढ्यात जेवायला आले होते, त्यांनी तो पेला माझ्या हातून काढून घेतला आणि मुलाला तसेच दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, ओकारी काढली नाही हे फार चांगले केले. मुलगा बरा झाला, आज नोकरी करतो. पण तो पेला मला अजून आठवतो.

मित्रांनो, ओकारी का काढायची नाही ते समजून घ्या, कारण हे परीक्षेत येत नाही. ॲसिड किंवा तीव्र खार अन्ननलिकेतून खाली जाताना एकदा भाजतो. ओकारी काढली की वर येताना तोच भाग दुसऱ्यांदा भाजतो. रॉकेल, टर्पेंटाइन किंवा फेस येणारा साबणाचा द्राव असेल तर ओकारीच्या वेळी तो श्वासनलिकेत, म्हणजे फुप्फुसात उतरण्याची भीती असते. पोटात गेलेल्या घोटापेक्षा फुप्फुसात गेलेले चार थेंब जास्त वाईट. म्हणून तोंड पुसावे, चूळ भरवावी, मीठ, लिंबू, दूध असे आपल्या मनाने काही देऊ नये, १०८ ला फोन करावा आणि मुलाबरोबर ती बाटलीही न्यावी. डॉक्टरांना बाटली दिसली की अर्धे काम होते. मात्र बाटली मूळची हवी. थंड्याच्या बाटलीवरून डॉक्टरांना काय कळणार?

तेव्हा पहिली गोष्ट ही की खायच्या-प्यायच्या बाटलीत, बरणीत किंवा डब्यात दुसरे काही भरायचे नाही. सुटे फिनेल स्वस्त पडते हे मला ठाऊक आहे. आपल्यातल्या बऱ्याच घरांत महिन्याचा हिशेब अगदी काटेकोर असतो. घ्यायचेच असेल तर फिनेलचाच जुना कॅन धुऊन त्यात घ्यावे.

त्या प्रसंगानंतर मी सगळ्या बाटल्या उचलल्या आणि सर्वांत वरच्या फळीवर नेऊन ठेवल्या. तुमच्यापैकी बहुतेक आयाही हेच करतील. पण त्यातही चूक होती. काही दिवसांनी सासूबाई पाटावर चढल्या आणि हात उंच करून त्यांनी ॲसिडची बाटली ओढली. झाकण सैल होते. दोन थेंब गालावर उडाले, डोळा थोडक्यात वाचला. लगेच नळाखाली बराच वेळ चेहरा धुतला म्हणून डागावर निभावले. (डोळ्यात गेलेच तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा, मग दवाखाना. पाण्याच्या आधी दवाखाना नको.) मुलाच्या हाताला लागू नये म्हणून उंच ठेवावे, तर मोठ्यांच्या डोळ्यांवर सांडते. खाली ठेवावे, तर मुलाच्या तोंडाशी. मग करायचे काय?

बरेच दिवस विचार करून मी असे ठरवले : झोंबणारे, भाजणारे द्राव घरातल्या मोठ्या बाईच्या छातीच्या उंचीवर ठेवायचे, पण कडी असलेल्या बंद कपाटात. कडी बाहेरून आणि वरच्या बाजूला. उंची ही मोठ्यांसाठी आणि कडी ही मुलांसाठी. कारण चार वर्षांचे मूल बादली पालथी घालून कुठेही चढते, ते उंचीने अडत नाही. कपाटात बाटल्या थेट फळीवर न ठेवता एका प्लास्टिकच्या टबमध्ये उभ्या ठेवायच्या, म्हणजे गळती झाली तर टबातच राहते. पावडरी नेहमी वर आणि द्राव खाली ठेवावे. पावडर सांडली तर झाडून घेता येते. द्राव मात्र खालच्या प्रत्येक डब्यावर ठिबकतो.

ॲसिडबद्दल माझे मत जरा कडक आहे : ते घरात नसावेच. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०१३ च्या आदेशानंतर दुकानदाराने ॲसिड विकताना खरेदीदाराचे ओळखपत्र पाहावे, नोंद ठेवावी आणि अठरा वर्षांखालील कोणालाही ते देऊ नये, असा नियम आहे. तेव्हा पालकांनी मुलांना "जा, एक बाटली ॲसिड घेऊन ये" म्हणून पाठवू नये. दुसरे असे की आपल्या चोकडीत बहुधा कोटा फरशी असते. कोटा हा चुनखडीचा दगड. त्यावर ॲसिड टाकले की फसफसून वर येते ती घाण नसते, तो दगडच विरघळत असतो. फरशी खरखरीत होते आणि मग मळ आणखी धरते. तिसरे, ॲसिडच्या वाफेने शेजारचा लोखंडी घोडा आणि मशीनचा पत्रा गंजतो. टाइल्सवर खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर फरसाणात टाकायची लिंबाची फुले गरम पाण्यात विरघळवून लावावीत आणि अर्धा तास थांबावे. तेही आम्लच आहे, म्हणून कोट्यावर नको. पण डोळा तरी जाणार नाही.

आता पुराकडे येते. सुरतेतल्या घराची मांडणी पूर सोडून कशी सांगणार? ऑगस्ट २००६ मध्ये आम्ही वेड रोडला तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. उकाई धरणातून सोडलेले पाणी सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत गेले आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. आमच्या खोलीत पाणी कमरेच्या वर होते. शेजाऱ्यांच्या गच्चीवर दिवस काढून परत आलो तेव्हा चोकडीत आणि कोठीत काही फरकच उरला नव्हता. धुण्याची पावडर विरघळून गेली होती, फिनेलचा कॅन तरंगत स्वयंपाकघरात आला होता, ब्लीचिंगचा डबा तांदळाच्या डब्याला टेकून पडला होता. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यात भरलेले गहू टाकून द्यावे लागले. ते नुसते भिजले असते तर वाळवले असते. पण त्यांना कशाकशाचा वास येत होता ते सांगता येत नव्हते. माळ्यावर मात्र साबणाच्या तीन वड्या, एक काडेपेटी आणि मेणबत्त्यांचा पुडा कोरडा राहिला होता. तो तिथे का ठेवला होता हे मला आठवतही नव्हते. पुढचे चार दिवस आमच्यासकट तीन घरांनी त्यावर काढले.

खरा धडा त्याच्या पुढचा आहे. चिखल काढायला महानगरपालिकेकडून ब्लीचिंग पावडर मिळाली. मी आणि जाऊबाईंनी ती चोकडीत टाकली. डाग गेले नाहीत, म्हणून वरून उरलेले ॲसिड ओतले. दहावीच्या मुलांनी सांगावे काय झाले असेल! विरंजक चूर्ण आणि हायड्रोक्लोरिक आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. एप्रिल १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने हाच वायू शत्रूवर सोडला होता. आम्ही तो आमच्या तीन फुटांच्या चोकडीत, दार लोटून, स्वतःवर सोडला. डोळ्यांची आग, घशात काटे, श्वास आत जाईना. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. आणि फरशी घासणारी बाई कुठे असते? उकिडवी, जमिनीलगत. आम्ही उठून अंगणात पळालो म्हणून वाचलो. जाऊबाईंचा खोकला आठवडाभर गेला नाही. मी पदवीधर होते, शिक्षिका होते. सूत्र मला पाठ होते. पण डब्यावर सूत्र लिहिलेले नव्हते, आणि दोन्ही डबे शेजारी-शेजारी होते.

म्हणून ब्लीचिंग आणि संडास साफ करण्याचे द्राव एका कपाटात ठेवू नयेत. त्या द्रावांच्या बाटलीवर बारीक अक्षरांत हायड्रोक्लोरिक ॲसिड लिहिलेले असते, वाचून पाहा. माझ्याकडे ब्लीचिंग घराच्या दुसऱ्या टोकाला, मागच्या दारापाशी, झाकण घट्ट लावून ठेवलेले असते. ओल आणि ऊन लागले की त्यातला क्लोरीन हळूहळू उडतो आणि डब्यात नुसती चुनखडी उरते. दोन वर्षे जुने ब्लीचिंग टाकून पाणी शुद्ध झाले असे समजणे ही आणखी वेगळी फसवणूक.

वेड रोडच्या त्या घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ बरीच वर्षे दिसत होती. आता आम्ही दिंडोलीत राहतो. तापीचा पूर नसला तरी मिठी खाडीकाठच्या लिंबायत भागातल्या आपल्या विद्यार्थ्यांच्या घरांत खाडीचे पाणी शिरते हे पालकांना वेगळे सांगायला नको. प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या जुन्या माणसाला विचारावे की पाणी कुठपर्यंत आले होते, आणि चोकडीच्या भिंतीवर खडूने तेवढी खूण करावी. त्या रेघेखाली काय आहे ते पाहावे. रेघेखाली फक्त धुऊन पुन्हा वापरता येते असे सामान असावे : बादल्या, पाट, धोपाटणे, खराटा, मळक्या कपड्यांची टोपली. खाण्याच्या वस्तू आणि विषारी वस्तू दोन्ही रेघेच्या वर, पण एकमेकींपासून दूर. खोलीत रेघ छातीपर्यंत असेल तर पावसाळ्यापुरता बाटल्यांचा टब माळ्यावर न्यावा आणि दिवाळीच्या साफसफाईत खाली आणावा. माळ्यावर एक झाकणाचा डबा कायम असावा : साबण, काडेपेटी, मेणबत्त्या, बॅटरी आणि पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्या. गोळ्यांची तारीख दर जूनमध्ये बघावी.

फळ्यांविषयी थोडे. लोखंडी घोडा चोकडीत टिकत नाही. कडप्प्याची फळी एकदाच खर्चिक, मग जन्मभर. तेही जमत नसेल तर भाजीवाल्यांकडची जुनी प्लास्टिकची कॅरेट दोन-तीन एकावर एक आडवी बांधून भिंतीला तारेने पक्की करावीत. पाणी झिरपते, हवा खेळते आणि उंदराला लपायला कोपरा मिळत नाही. उंदीर साबणाची वडी कुरतडतो हे तुम्ही पाहिले असेल. साबण चरबीपासून किंवा तेलापासून बनतो म्हणून त्याला ते अन्नच वाटते. सप्टेंबर १९९४ च्या प्लेगमध्ये लोक शहर सोडून पळत होते, त्या सुरतेत राहणाऱ्यांनी तरी साबण झाकून ठेवावा. शिवाय उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात अनवाणी उतरू नये.

डांबराच्या गोळ्या लहान मुलांना पिपरमिटासारख्या दिसतात. काही मुलांच्या रक्तात जन्मापासून जी-सिक्स-पी-डी नावाचे विकर कमी असते. अशा मुलाने एखादी गोळी खाल्ली तर तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. त्या पुरचुंडीत बांधून ट्रंकेतच ठेवाव्यात, चोकडीच्या जाळीवर सुट्या टाकू नयेत.

मशीन असेल तर तिचे बटण नळाच्या पाण्याचे शिंतोडे येणार नाहीत अशा उंचीवर घ्यावे, आणि घरात आरसीसीबी बसवून घ्यावी. ओल्या हाताने प्लग काढणाऱ्या मुलाला रागावण्यापेक्षा हे स्वस्त आहे. पाण्याच्या पिंपाला झाकण हवेच, ते डासांसाठी आणि रांगत्या मुलांसाठीही.

एक गोष्ट मात्र आपल्या वस्तीतच सांगावी लागते. अनेक आया घरी साड्यांना स्टोन आणि लेस लावायचे काम करतात. साड्यांचे पोटले जागा नाही म्हणून चोकडीच्या उंबऱ्याशी ठेवलेले मी कितीतरी घरांत पाहिले आहे. एका साडीवर ब्लीचिंगचा एक थेंब उडाला तर तिचे पैसे मजुरीतून कापले जातात, आणि त्या पैशांसाठी किती स्टोन चिकटवावे लागतात हे आईला विचारा. पोटले खाटेवर किंवा कपाटावर, आणि चिकटवायचा गोंद व थिनर मात्र कडीच्या कपाटात. थिनर दिवा किंवा गॅसच्या जवळ नको. त्या साड्या बहुधा पॉलिस्टरच्या असतात. चुकून ओल्या झाल्या तर रंग सहसा जात नाही, पण कडक गरम पाण्याने स्टोन सुटतात. थंड पाण्यानेच निथळाव्यात.

इयत्ता आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांनी येत्या रविवारी फुटपट्टी घेऊन आपल्या चोकडीचा नकाशा काढावा. प्रत्येक डबा-बाटली जमिनीपासून किती फुटांवर आहे ते लिहावे, पुराची रेघ निळ्या पेन्सिलीने आणि धाकट्या भावंडाच्या हाताची उंची लाल पेन्सिलीने दाखवावी. ज्यांच्या घरी थंड्याच्या बाटलीत काही भरलेले सापडेल त्यांनी तेही प्रामाणिकपणे लिहावे, कोणाला रागावले जाणार नाही. पहिला नकाशा मी माझ्या घराचा काढून कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावला आहे. त्यात एक चूक अजून आहे. ज्याला सापडेल त्याने मधल्या सुट्टीत येऊन सांगावे.